गणंग कशाची वाट बघतो?

मटकीला मोड आलेत. पांढरेशुभ्र, लांबलचक, एकमेकांत गुंतलेले. आता पटकन सांगा बघू, हा मोड म्हणजे झाडाचा कुठला भाग? वर जाणारं खोड, की खाली जाणारं मूळ?

बहुतेक जण "खोड" म्हणतात, आणि अगदी ठामपणे म्हणतात. पण मोड म्हणजे मूळ. मटकी असो, मेथी असो की मोहरी, बी रुजताना आधी मूळ बाहेर येतं. पान, खोड, फूल वगैरे थाटमाट नंतर. आधी पाण्याची सोय.

आणि हो, त्याच मटकीत तळाशी दोन-चार दाणे असतात बघा, रात्रभर पाण्यात राहूनही टणक, चकचकीत, जसेच्या तसे. त्यांना म्हणतात गणंग. उसळ खाताना दाढेखाली आला की कटकन आवाज येतो आणि स्वयंपाक करणाऱ्याला बोल बसतो. स्वयंपाकघरात गणंगाला कोणी विचारत नाही. मला मात्र मोड आलेल्या हजार दाण्यांपेक्षा तो एक गणंग जास्त हुशार वाटतो. का, ते कळायला आधी मोड कसे येतात ते बघावं लागेल.

घरी वालाचं बिरडं होणार असेल तर सोलायला बसा. फुकटात काम करणारं माणूस मिळालं म्हणून घरचे खूश होतील, आणि तुम्हाला मिळेल प्रयोगशाळा. मोड आलेले वाल कोमट पाण्यात पडले की साल सैल होते. दोन बोटांत दाणा धरून जरा दाबला की डाळिंबी सुळकन बाहेर. ही डाळिंबी कडेने नखाने हळूच उकला. दोन जाड दलं वेगळी होतात. एका कडेला वाकडं, पांढरं मूळ चिकटलेलं असतं. आणि दोन दलांच्या मधोमध, जिथे एकमेकांना टेकली होती तिथे, बघा काय आहे. भिंग असेल तर आणाच. दोन इवलीशी फिकट पानं, एकमेकांवर घडी घालून ठेवलेली. पानांवरच्या शिरासुद्धा दिसतात!

ही पानं पाण्यात टाकल्यावर तयार झाली नाहीत. वाल शेंगेत होता तेव्हाच ती होती. मूळही होतं. म्हणजे बी रुजतं तेव्हा झाड 'जन्माला' वगैरे येत नाही. ते आधीच जन्मलेलं असतं, फक्त थांबलेलं असतं. आणि ती दोन जाड दलं म्हणजे त्याची शिदोरी. हिरवी पानं उन्हात स्वतःचं अन्न बनवू लागेपर्यंत त्याला पुरेल एवढी. आपण बिरड्यात गट्टम करतो ती शिदोरीच.

म्हणूनच तुरीचा अख्खा दाणा रुजतो आणि तूरडाळ रुजत नाही. डाळ करताना दोन दलं सुटतात आणि मधला नाजूक कोंब तुटून जातो. शिदोरी आहे, पण खाणारं कोणी नाही.

आता पाण्यात टाकल्यावर होतं काय? कोरड्या कडधान्यात पाणी अगदी थोडं असतं, शंभर ग्रॅममध्ये दहा-बारा ग्रॅम. एवढ्या कोरड्या ठिकाणी आतली सगळी कामं जवळपास बंद असतात. बी मेलेलं नसतं, पण जिवंत आहे हे ओळखायलाही कठीण. भिजत घातलं की पाणी आत शिरतं, दाणा फुगतो, वजन जवळजवळ दुप्पट होतं. या फुगण्यात भलताच जोर असतो. काचेच्या बाटलीत हरभरे गच्च भरून, पाणी घालून घट्ट बूच लावलं तर बाटली तडकू शकते. (हे करून बघू नका. सांगितलं म्हणजे करूनच बघायला हवं असं नाही.)

पाणी मिळालं की आत विकरं कामाला लागतात. विकरं म्हणजे पदार्थांची तोडफोड आणि जोडणी करणारे रेणू. शिदोरीत अन्न असतं ते स्टार्च आणि प्रथिनांच्या रूपात. साठवायला उत्तम, पण कोंबाला तसंच्या तसं खाता येत नाही. विकरं स्टार्च तोडून त्याची साखर करतात. नाचणीचं सत्त्व करताना आजी आधी नाचणीला मोड आणते, मग वाळवून दळते. मोड आलेली नाचणी चावून बघा, साध्या नाचणीपेक्षा किंचित गोड लागते. ही गोडी कोंबासाठी होती.

गव्हाच्या आणि सातूच्या दाण्यात तर याहून गंमत आहे. दाणा आडवा कापून दोन तुकडे केले, एकात कोंब आणि दुसऱ्यात नुसता पिठूळ भाग, आणि दोन्ही भिजवले, तर कोंब असलेल्या तुकड्यातला स्टार्च विरघळायला लागतो. दुसऱ्यातला तसाच राहतो. कारण "कोठार उघडा" हा निरोप कोंबाकडून जावा लागतो. निरोप नेणाऱ्या रसायनाचं नाव जिबरेलिन. ते सापडलं भलत्याच ठिकाणी. जपानमध्ये भाताच्या काही रोपांना एक रोग व्हायचा. रोपं वेड्यासारखी उंच वाढायची आणि कोलमडायची. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा एका बुरशीने सोडलेल्या रसायनाचा प्रताप आहे. पुढे कळलं की तेच रसायन वनस्पती स्वतःही बनवतात, मोजूनमापून.

मोड येताना बी श्वासही जोरात घेतं. फडक्यात बांधलेल्या मटकीच्या पुरचुंडीत दुसऱ्या दिवशी बोट खुपसा, ऊब लागेल. जळणाऱ्या साखरेची ती ऊब. याचाच अर्थ शिदोरी संपत चालली आहे. मोड आलेला दाणा हातात जड लागतो तो पाण्यामुळे. वाळवून तोलला तर तो मूळच्या दाण्यापेक्षा हलकाच भरतो.

मूळ तर बाहेर आलं. पण अंधाऱ्या मातीत त्याला खाली कुठे हे कसं कळतं? तुम्ही बी उलटं पेरा, आडवं पेरा, मूळ वळून खालीच जातं. ओलाव्याच्या दिशेने जात असेल का? की अंधाराच्या? इंग्लंडमधल्या थॉमस नाइट या बागवेड्या गृहस्थाने १८०६ साली यावर झकास युक्ती काढली. बागेतून वाहणाऱ्या ओढ्यावर त्याने पाणचक्की बसवली, तिच्या चाकावर शेंगवर्गातल्या बिया बांधल्या आणि चाक दिवसरात्र गरागरा फिरत ठेवलं. जोरात फिरणाऱ्या वस्तूवर सगळं बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, हे जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्यांना सांगायला नको. त्या बियांची मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेने वाढली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे! म्हणजे मुळाला ओढ जाणवते. जिकडे ओढ, तिकडे मूळ. एरवी ती ओढ पृथ्वीची असते.

मुळाच्या अगदी टोकाला काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की हे कण पेशीत घरंगळून खालच्या बाजूला साचतात, आणि त्यावरून मूळ ओळखतं की खाली इकडे आहे.

मग जिथे खालीच नाही अशा ठिकाणी? ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोने श्रीहरिकोटाहून सोडलेल्या पीएसएलव्ही-सी६० रॉकेटबरोबर एक छोटी बंद पेटी अंतराळात गेली. तिच्यात होत्या चवळीच्या ८ बिया. होय, आपली उसळीची चवळी. पाणी, हवा, तापमान, उजेड यांची पेटीतच व्यवस्था होती. चौथ्या दिवशी चवळीला मोड आले, मग पानंही फुटली. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात वजन जाणवत नाही, त्यामुळे मुळाच्या टोकातले ते जड कण खाली बसणार तरी कुठे? अशा वेळी दिशा दाखवायला उजेड उपयोगी पडतो. खरं तर आठ चवळ्या म्हणजे डावभरसुद्धा नाही, पण त्यांच्यावर किती डोळे लागून राहिले असतील!

मूळ रुतलं की वरची मंडळी निघतात. इथे दोन तऱ्हा आहेत. मूग, मटकी, वाल, चवळी, चिंच ही मंडळी दलं डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतात. चिंचोका रुजताना बघितलाय? दोन जाडजूड दलं उचलून उभं राहिलेलं रोप पैलवानासारखं दिसतं. तूर, हरभरा, वाटाणा यांची दलं मात्र मातीतच राहतात आणि वर येतो तो नुसता कोंब. कुंडीत मूग आणि हरभरा शेजारी शेजारी पेरा, आठवड्यात फरक दिसेल.

मूग मातीतून वर येतो तो मान खाली घालून, छत्रीच्या दांड्याच्या आकारात वाकून. टोकाची नाजूक पानं मातीवर घासू नयेत म्हणून वाकलेली पाठ पुढे होते. उजेड लागला की मान सरळ. उजेड लागलाच नाही तर? याचं उत्तर नवरात्रात देवघरात मिळतं. घटाखालच्या मातीत पेरलेलं धान बघा, कसं तरतर वाढतं, आणि कसं पिवळं! घरातल्या अंधुक उजेडात रोप हिरवा रंग बनवण्यावर शिदोरी खर्च करत नाही. सगळी शिदोरी उंचीवर लावतं, कारण त्याच्या हिशेबाने ते अजून मातीखालीच आहे आणि लवकरात लवकर वर पोचायचं आहे. दसऱ्याला टोपीत खोवतात ते पिवळे तुरे म्हणजे उजेड शोधायला निघालेला गहू. त्यातलंच थोडं धान अंगणात ठेवा, एक-दोन दिवसांत हिरवं होतं.

इथपर्यंत झालं 'कसं'. आता माझा आवडता भाग: 'कधी'.

शेतकऱ्याला विचारा, पेरणी कधी? तो म्हणेल, वाफसा आल्यावर. म्हणजे माती ओली हवी, पण चिखल नको. तिच्यात हवाही खेळती हवी. बी श्वास घेतं हे आपण पाहिलंच. पाण्यात बुडवून ठेवलेली मटकी दोन दिवसांत आंबूस वास मारते, ती गुदमरून. भात तेवढा वेगळा. त्याचं बी पाण्याखालीही रुजतं, आणि तिथे तो नियम उलटा करतो. आधी मूळ नाही, आधी कोंब, पाण्याबाहेरची हवा गाठायला.

पेरणी झाली, सगळं बी एकदम उगवलं आणि पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर? रोपं करपतात. मग दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा खर्च. शेतातलं बी सगळं एकदम उगवतं याचं कारण आपणच. हजारो वर्षं माणसाने एकसाथ उगवणारी बियाणी निवडली. आजही पेरणीआधी शेतकरी १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सोयाबीनचे ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. उरलेले नापास.

रानातल्या झाडाला असं एकदम उगवणं परवडेल का? त्याला कोण आणून देणार दुसरं बियाणं? पहिल्या सरीला सगळ्या बिया उगवल्या आणि पाऊस पळाला की वंश खलास. म्हणून रानटी झाडं बिया टप्प्याटप्प्याने उगवतील अशी तजवीज करतात. काही या वर्षी, काही पुढच्या, काही त्याच्याही पुढे. मटकी ही मुळातच कमी पावसाच्या, कोरड्या मुलखातली. तिची ही रानातली सवय अजून पूर्ण सुटलेली नाही. गणंग म्हणजे राखून ठेवलेला दाणा.

त्याचं गुपित आहे सालीत. गणंगाच्या सालीत लांबट पेशी एकमेकींना घट्ट खेटून उभ्या असतात आणि पाण्याला आत शिरू देत नाहीत. रानात उन्हाळ्याच्या तापण्या-निवण्याने, मातीत घासून, नाहीतर एखाद्या जनावराच्या पोटातून फिरून आल्यावर साल कुठेतरी विरविरीत होते आणि मग पाणी शिरतं. बाभळीचं असंच. शेळ्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात. टणक बिया रवंथ करताना थुंकतात किंवा लेंडीतून टाकतात, आणि त्या सहज रुजतात. शेळी नसेल तर रोपवाटिकेतले लोक बाभळीच्या बियांवर गरम पाणी ओततात.

तुम्हीही करून बघा. भिजलेल्या मटकीतून दहा गणंग वेचा. पाच जसेच्या तसे एका वाटीत. उरलेले पाच पॉलिश पेपरवर एका बाजूने जरासे घासा, दाण्याचा डोळा असतो त्याच्या विरुद्ध बाजूने. सालीचा रंग उतरून फिकट ठिपका दिसला की बस, जास्त घासून आतला कोंब दुखवू नका. दोन्ही वाट्यांत पाणी घाला. घासलेले किती तासांत फुगतात ते लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा.

साल जाड करणं ही एक युक्ती झाली. काही बारीक बिया उजेडाची वाट बघतात. जमिनीत खोल गाडलेल्या मोहरीएवढ्या बीने उगवून उपयोग काय? वर पोचायच्या आधीच शिदोरी संपायची. म्हणून शेत नांगरलं, बागेत माती उकरली की तणांचं पेव फुटतं. बिया वर्षानुवर्षं तिथेच होत्या, आता उजेड दिसला. नुसता उजेड नाही, उजेडाचा रंगही त्यांना कळतो. १९५२ साली अमेरिकेत लेट्युसच्या बियांवर प्रयोग झाले. लाल उजेड दाखवला की बिया रुजत. त्यानंतर लालच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा गडद लाल उजेड दाखवला की रुजायचं रद्द. पुन्हा लाल दाखवला की पुन्हा रुजत. कितीही वेळा आलटून पालटून दाखवा, शेवटचा उजेड कोणता यावर निकाल. दाट झाडाखाली पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात हा पलीकडचा लाल जास्त असतो. म्हणजे बीला कळतं की डोक्यावर आधीच कोणीतरी पसरून बसलंय, इथे आपल्याला ऊन मिळायचं नाही.

पण सगळ्यांनाच थांबता येतं असं नाही हं. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी यांना कोरडं होणं सोसत नाही. काही आठवडे वाळल्या की त्या मरतात. त्यांना थांबायची गरजही नसते म्हणा. फळ पिकून पडतं तोवर पाऊस दाराशी आलेला असतो. कांदळाला तर तेवढाही धीर नाही. ठाण्याची खाडी, गोव्यातली मांडवी, अशा खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. फांदीला लांब हिरव्या शेंगा लटकलेल्या दिसतात ना, त्या शेंगा नव्हेत, बाळरोपं आहेत. तयार झालं की रोप टपकन पडतं. ओहोटी असेल तर चिखलात रुततं, भरती असेल तर तरंगत दुसरीकडे जातं.

आणि थांबणारे किती थांबतात? इस्रायलमध्ये मसादा नावाचा प्राचीन किल्ला आहे. तिथल्या १९६० च्या दशकातल्या उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या, जवळपास २००० वर्षं जुन्या. २००५ साली त्यातली एक पेरली आणि ती चक्क रुजली. झाड नर निघालं, त्यामुळे त्याला फळ धरेना. मग तशाच आणखी काही जुन्या बिया रुजवल्या, त्यांतून मादी झाड मिळालं आणि पुढे खजूरही लागले.

खजुराला हा मुक्काम नशिबाने घडला. मुद्दाम ठरवून बघितलं ते विल्यम बील या अमेरिकी प्राध्यापकाने. शेतकरी कुरकुरत असत की कितीही खुरपा, तण संपतच नाही. मग तणाचं बी मातीत टिकतं तरी किती? १८७९ साली मिशिगनमधल्या आपल्या कॉलेजच्या आवारात बीलने २० बाटल्या पुरल्या. प्रत्येकीत ओली वाळू आणि वीसेक प्रकारच्या तणांच्या प्रत्येकी ५० बिया. बाटल्यांना बूच नाही, पण तोंड खालच्या बाजूला, आत पाणी साचू नये म्हणून. बेत असा होता की दर पाच वर्षांनी एक बाटली काढून पेरायची. बिया काही हार मानेनात. मग दर दहा वर्षांनी, मग दर वीस वर्षांनी अशी मुदत वाढवली. बील १९२४ साली गेले. जागेचा नकाशा एका पिढीतले शास्त्रज्ञ पुढच्या पिढीच्या हाती देत आले, इतरांपासून लपवून. २०२० साली काढायची बाटली कोरोनामुळे राहिली, ती २०२१ च्या एप्रिलमध्ये काढली. भर पहाटे, अंधारात, कारण उजेड लागला की बिया जाग्या होतील आणि प्रयोग फसेल. बाटलीतल्या बिया पेरल्या, आणि मलेन नावाच्या पिवळ्या फुलांच्या तणाची रोपं उगवली. १८७९ ते २०२१, करा वजाबाकी.

पुढची बाटली २०४० साली निघेल, शेवटची २१०० साली. मलेन २०४० मध्येही उगवेल, यावर मी पैज लावायला तयार आहे. हरलो तर लाडू माझ्याकडून. तुमचं वय तेव्हा किती असेल, ते मांडून ठेवा, आणि वसुलीला या.